विषय: दिवाळीची धान्य किटं, कुणाला द्यायची?

नमस्कार मंडळी,
यंदाही बेळगाव भागातल्या गावांत किटं देऊ. ओळखीतली गरजू घरं कळवा. ज्यांना रेशन मिळतं त्यांना मात्र नको, बाकीच्यांना द्यायचं ठरलंय.
- सेक्रेटरी

---

ताई, तो रेशनचा नियम काढा आधी. कार्ड असणं वेगळं आणि धान्य घरात येणं वेगळं.
आमची आत्ती खानापूर तालुक्यात एकटीच असते, बीपीएल कार्ड हाय, कर्नाटकात २०२५ मध्ये माणशी १० किलो फुकट होतं, ५ केंद्राचं आणि ५ राज्याच्या अन्नभाग्य योजनेचं. तरी चार महिन्यांत तिनं एकदाच आणलं. मे महिन्यात मी गेलो की सोबत दुकानात. जन्मभर भाताची लावणी केलेली बोटं ती, रेषा राहिल्यात कुठं, ओळख पटवायच्या मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा, पदराला पुसून परत ठेवला तरी लाल, मग कुणीतरी म्हणालं तेल लावा म्हणून केसांतलंच तेल बोटाला चोळलं, तरी लालच. दुकानवाला कन्नडात म्हणाला 'मुंदिन वार बर्री', पुढच्या आठवड्यात या. म्हणजे परत रिक्षाचं भाडं, भांगलणीचा एक रोज बुडाला. पावती, मेसेज सगळं कन्नडात, तिला बोलता येतं, वाचता येत नाही.
२०२३ च्या जुलैपासून जादाच्या ५ किलोऐवजी १७० रुपये खात्यावर देत होते ना, ते हिला कधी आलेच नाहीत, खातं आधारला जोडलेलंच नव्हतं. हिला वाटलं नाव कापलं. २०२५ च्या फेब्रुवारीत परत तांदूळ सुरू झाला ते हिला शेजारणीकडून कळलं!

---

दादा, अंगठ्याचं खरं, पण आमच्या निपाणीकडं जाऊबाई वेगळ्याच कारणानं जात नव्हत्या. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगायचे, ते प्लास्टिकचे म्हणून कोंबड्यांपुढं टाकायच्या. अहो ते लोह वगैरे घातलेले फोर्टिफाइड दाणे, शंभर किलोत एक किलो मिसळलेले, कुणी सांगितलंच नाही. आणि थोडी लाजही असते हो, मुलगा पुण्यात कंपनीत आणि आई पिशवी घेऊन लाईनीत, लोक काय म्हणतील.
अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही असा केंद्राचा २०१७ चा आदेश आहे. दुकानात कोण दाखवणार तो?
आत्तीचं गाव कळवा, माझा भाचा खानापुरातच नोकरीला आहे, कन्नड वाचतो, शनिवारी त्यांना गाडीवरून घेऊन जाईल.