वाकड्या पृष्ठभागाच्या त्रिज्येवर ± टॉलरन्स (मापात चालणारा फरक) देणं बंद करायचं का?

मशीनशॉप, उद्यमबाग
माझं स्पष्ट मत: बंद करायचं. गेल्या महिन्यात एक पंप केसिंग आलं. ड्रॉईंगवर त्रिज्या ४५ ±०.५, आणि कंस जेमतेम ३० अंशांचा. एवढ्या तुकड्यात कमानीची उंची भरते १.५३ मिमी. ती मोजताना ०.०२ इकडंतिकडं झालं की त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकते. कास्टिंगचा (ओतीव जॉबचा) खरखरीतपणाच त्याहून मोठा असतो! सकाळी पास झालेला जॉब दुपारी दुसऱ्यानं मोजला आणि रिजेक्ट. त्यापेक्षा सरफेस प्रोफाईल २ द्या. ड्रॉईंगवरच्या खऱ्या आकाराच्या दोन्ही बाजूंना १-१ मिमीचा पट्टा, पृष्ठभाग त्यात बसला की जॉब पास. ड्रॉईंगचं मानक एएसएमई वाय १४.५ घ्या की आयएसओ ११०१, वेगळी खूण नसेल तर पट्टा दोन्हीकडं सारखाच धरतात.

पॅटर्नवाला, मच्छे
मोजण्याचं बरोबर आहे ओ, खरं पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा लाकडी नमुना, मी कशावरून करू? पट्टा जॉब बरा की वाईट ते सांगतो. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना आकसतं म्हणून मी शेकडा एक वाढवून धरतो, त्याला आकडे लागतात. आणि प्रोफाईलची चौकट (ड्रॉईंगवर टॉलरन्स लिहायची) हातात आली की डिझाईनवाले 'सगळीकडं ०.४' लिहून मोकळे. वाळूच्या साच्यात ते कसं धरणार? असल्या ड्रॉईंगपायी माझे दोन पॅटर्न परत आले. आमच्यात सीएमएम (एकेक बिंदू टिपून आकार मोजणारं मशीन) पण नाही. हाईट गेज आणि पत्र्याचं टेम्प्लेट, एवढ्यावर चाललंय.

मशीनशॉप, उद्यमबाग
०.४ लिहिणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. खरं, आकडे जात नाहीत ओ, ते चौकटीत बेसिक मापं (स्वतःचा ± नसलेली नेमकी मापं) म्हणून राहतात. टेम्प्लेट तर अजूनच कामाचं: खऱ्या आकारापासून ३ मिमी लांब कापा, डेटमवर टेकवा (डेटम म्हणजे जिथून माप धरायचं ती जागा). फटीतून २ ची पिन सगळीकडं गेली पाहिजे, ४ ची कुठंच जाता कामा नये. झालं प्रोफाईल २ चं इन्स्पेक्शन.

क्वालिटी, टिळकवाडी
दादा, "डेटमवर टेकवा" म्हणालात, तिथंच सगळं अडतं. आमच्या एका ड्रॉईंगवर डेटम पार्टिंग लाईनवर, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथं, दिला होता. साच्याच्या पेट्या थोड्या सरकल्या, फ्लॅश (सांध्यात निघालेला जादा धातू) आला, आणि आकार धड असूनही जॉब पट्ट्याबाहेर. मी तीन दिवस तेच जॉब परत परत मोजत बसले. डेटमचे सहाही टेकू, ३-२-१ (तीन बाजूंना तीन, दोन आणि एक), साच्याच्या एकाच अर्ध्यात आणि पार्टिंगपासून लांब हवेत. हे ठरल्याशिवाय प्रोफाईलनं ± पेक्षा काही बरं होणार नाही.

पॅटर्नवाला, मच्छे
ताईंचं पटलं. टेकू ड्रॅगमध्ये (साच्याच्या खालच्या अर्ध्यात) दाखवा, मी पॅटर्नवर बटणं बसवून देतो. आता माझं एक ऐका. तुमच्या मॉडेलमध्ये ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) धरलाय काय? १०० मिमी खोलीला १ अंश म्हणजे १.७५ मिमी. तुमचा १ चा पट्टा तिथंच संपतोय.

मशीनशॉप, उद्यमबाग
आत्ता उघडून बघितलं. भिंती सरळ उभ्या आहेत, ड्राफ्ट कुठंच नाही. पॅटर्नचं लाकूड कापू नका, गिऱ्हाइकाकडून ड्राफ्टसकट मॉडेल मागवून घेतो.