मदत हवी आहे: जुना ६५० वॅटचा पॉवर सप्लाय नव्या ग्राफिक्स कार्डला चालेल का?

गेमिंगसाठी पीसी जुळवतोय. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमची १६ जीबीची जोडी आणि आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड असं ठरवलंय. प्रोसेसर बसायची जागा (सॉकेट) दोन्हीकडे एएम५च आहे, रॅम मदरबोर्डच्या यादीत आहे, कूलरची उंचीही कॅबिनेटमध्ये बसते. एवढं तपासून झालं.

अडलंय ते पॉवर सप्लायवर. माझा ६५० वॅटचा, गोल्ड रेटिंगचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), पाच वर्षं वापरलेला. कार्डचे २२० आणि प्रोसेसरचे जास्तीत जास्त ८८ वॅट धरले, वर बाकीचं सगळं मिळून साधारण ३८० होतात. म्हणजे वॅट पुरतात. पण कार्डला १६ पिनची जोडणी लागते आणि माझ्याकडे ८ पिनच्या दोनच जागा आहेत, त्याही एकाच केबलवर. कार्डासोबतच्या अ‍ॅडॅप्टरची दोन्ही ८ पिनची टोकं त्या एका केबलला लावायला, म्हणजे कार्डचा बराचसा भार एकाच केबलवर टाकायला, मन धजत नाही. शिवाय कार्ड बसवल्यावर बाजूच्या झाकणापर्यंत जेमतेम ४० मिलिमीटर उरतात, तेवढ्यात केबल वाकवावी लागेल.

ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करणार नाही. कॅबिनेट बदलणं शक्य नाही. पॉवर सप्लाय मॉड्युलर आहे, म्हणजे केबल काढून बदलता येतात, पण दुसऱ्या कंपनीची केबल त्याला लावायची नाही हे माहीत आहे.

कोणी ही जोडणी अशीच एका केबलवर वापरली आहे का? की त्याच कंपनीची दुसरी केबल मिळेपर्यंत थांबू, का सरळ १६ पिनची केबल असलेला नवा पॉवर सप्लाय घेऊ?