मदत हवी आहे: इंदूरमध्ये जन्मलेल्या मुलीचं नागरिकत्व (तातडीचं)

रामबागची_मुग्धा
मध्य प्रदेशात कोणी नागरिकत्वाची फाईल केली असेल तर कृपया लगेच लिहा. आमच्या वरच्या मजल्यावर एक सिंधी कुटुंब राहतं. वडिलांना गेल्या वर्षी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, आख्ख्या बिल्डिंगने पेढे खाल्ले. मुलीचा अर्ज मात्र खिडकीवरूनच परत आला. जन्म इंदूरचा, महानगरपालिकेचा दाखला आहे, बालवाडीपासून इथेच शिकली, आधार आहे, मराठी माझ्याइतकीच बोलते. तरी म्हणतात, "इसका केस नहीं बनता." मे महिन्यात ती १८ पूर्ण करते आणि त्यानंतर अज्ञान मुलांचा अर्ज चालणार नाही म्हणे. कोणता फॉर्म, कुणाला भेटायचं, एवढंच सांगा. राजकारण नको.

अभय_जोशी_पुणे
इथे जन्मली म्हणजे भारतीयच की. आरटीआय टाका, सरळ होतील.

वकीलीणबाई
अभय, असं नाही. जन्माने नागरिकत्व १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांना सरसकट होतं. त्यानंतर आईवडिलांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. आणि हे सगळं मुलीच्या जन्माच्या वेळी बघतात, आज नाही.
मुग्धाताई, कुटुंब पाकिस्तानातून आलंय असं धरून चालते, तुम्ही लिहिलेलं नाही. कोणत्या साली आले? मुलीचं जन्मसाल? आणि आईचं काय?

रामबागची_मुग्धा
हो, सिंध, घोटकीकडचे. मुलगी २००८ ची. आईचा काय संबंध? अर्ज वडिलांनी भरलाय.

विश्वामित्री_काठ
आमच्या वडोदऱ्यात हे फार सोपं आहे. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने १३ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यात वडोदरा होतं. तुम्ही इकडे भाडेकरार करून अर्ज टाका.

वकीलीणबाई
कृपा करून असले सल्ले देऊ नका. प्रत्यक्ष राहतात तिथूनच अर्ज करायचा. पोलीस घरी येऊन शेजाऱ्यांना विचारतात, खोटा पत्ता निघाला तर वडिलांचंही प्रमाणपत्र धोक्यात येईल.
मुग्धाताई, आईचा संबंध आहे, सगळं तिथेच अडलंय. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(ड) मध्ये "भारतीय नागरिक असलेल्या व्यक्तींची अज्ञान मुलं" असं आहे आणि अधिकारी त्याचा अर्थ आईवडील दोघेही असा घेतात. आई अजून पाकिस्तानी नागरिक आहे ना?

रामबागची_मुग्धा
हो. भाभींचा पासपोर्ट संपलाय. दिल्लीच्या वकिलातीतून नवा मिळत नाही, आणि नवा नाही म्हणून नागरिकत्व सोडल्याचा दाखलाही मिळत नाही. म्हणून त्यांची फाईल पडून आहे. मुलीचा पासपोर्ट कधी काढलाच नाही. ती कोणत्याच देशाची नाही का मग? कालपासून हाच प्रश्न विचारतेय ती मला, आणि मला उत्तर देता येत नाहीये.

स्नेहल_टी
ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांचं) काढा, माझ्या नणंदेच्या मुलांचं पटकन झालं. ती न्यू जर्सीला असते.

वकीलीणबाई
पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ओसीआय मिळत नाही.

हेमंत_दे
"कोणत्याच देशाची नाही" असं लगेच म्हणू नये. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्याला कुठलाच देश आपल्या कायद्याने नागरिक मानत नाही तो राज्यविहीन. पाकिस्तानच्या १९५१ च्या कायद्यात वडिलांकडून नागरिकत्व येतं, म्हणजे कागदावर ती जन्मतः तिकडची ठरू शकते.

शुभांगी_ग्वाल्हेर
कागदावर! जिने तो देश पाहिला नाही, ज्याचा एक कागद तिच्याकडे नाही, तिला काय फरक पडतो? आणि तो सोडायचा म्हटला तरी त्यांच्या कायद्यात २१ वर्षं पूर्ण लागतात. इकडे १८ ला दार बंद, तिकडे २१ ला उघडणार.
खरं दुखणं हे आहे की आपल्या भागात दोन देशांनी बसून हे सोडवायची काही व्यवस्थाच नाही. आफ्रिकेत १९६९ पासून निर्वासितांचा स्वतःचा करार आहे, लॅटिन अमेरिकेत १९८४ चा कार्ताहेना जाहीरनामा. दक्षिण आशियात अफगाणिस्तान सोडला तर १९५१ च्या निर्वासित करारावर कोणाचीही सही नाही, आणि सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही.

हेमंत_दे
करार नसतानाही होतं, इच्छा हवी. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेशाने १६२ छिटमहाल (एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्या देशाचे जमिनीचे तुकडे) एकमेकांना दिले. त्याआधी दोन्हीकडच्या लोकांनी मिळून घरोघर गणती केली आणि प्रत्येक कुटुंबाला कोणत्या देशाचं व्हायचं ते विचारलं. लाइट नाही, मतदान नाही, अशी माणसं एका रात्रीत नागरिक झाली.

शुभांगी_ग्वाल्हेर
आणि १९६४ चा शास्त्री-सिरिमावो करार? श्रीलंकेतले ५,२५,००० तमिळ मळेकामगार भारताने घ्यायचे, ३,००,००० श्रीलंकेने. पिढ्यान् पिढ्या तिथे राबलेल्या माणसांची वाटणी झाली, त्यांना न विचारता. नुसतं दोन सरकारं बसून भागत नाही.

कॅम्पातला_काका
माझे वडील फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पात मास्तर होते. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. त्यांच्या वर्गात निम्मी मुलं सिंधी, पाटीवर अरबी वळणाची अक्षरं काढायची. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेले घटनेच्या कलम ६ ने थेट नागरिक झाले. तुमच्या इंदूरला सिंधी कॉलनीत त्यातली बरीच घरं असतील.

रामबागची_मुग्धा
काका, छान आहे, पण माझ्याकडे मेपर्यंतच वेळ आहे. भाभींचं काय करायचं ते कोणी सांगेल का?

वकीलीणबाई
सांगते. आधी दोन गोष्टी कळवा: भाभी भारतात कधी आणि कुठून शिरल्या, आणि एलटीव्ही (दीर्घ मुदतीचा व्हिसा) चालू आहे का.

रामबागची_मुग्धा
आत्ता वर जाऊन आले. हिरवा पासपोर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर बँड. मुनाबावचा, म्हणजे राजस्थान सीमेवरच्या स्टेशनचा, शिक्का आहे, थार एक्सप्रेसने आले होते. शाई फुटलीय, मोबाइलच्या टॉर्चखाली २००७ वाचता येतं, महिना नाही. एलटीव्ही आहे, दोघींचाही, पुढच्या वर्षापर्यंत.

वकीलीणबाई
मग रस्ता आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या पाकिस्तानी हिंदूंना सीएएखाली (२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली) अर्ज करता येतो. ११ मार्च २०२४ च्या नियमांत मुदत संपलेला पासपोर्टही चालतो आणि वकिलातीच्या दाखल्याची गरज नाही, नागरिकत्व सोडल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं. अर्ज ऑनलाइन, कागदांची पडताळणी पोस्टाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती करते. स्थानिक पंचायतीचं पत्र लागेल, सिंधी पंचायतीकडून घ्या.
मुलीला सीएए लागू नाही, कारण तो "प्रवेश केलेल्यां"साठी आहे आणि ती इथेच जन्मली. तिच्यासाठी कलम ५(४): विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान मुलाची नोंदणी करू शकतं. आईच्या अर्जाची पावती, वडिलांचं प्रमाणपत्र, शाळेचे दाखले जोडून तो अर्ज १८ पूर्ण व्हायच्या आत दाखल करा. खिडकीवर तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, आवक क्रमांक घ्या. राहिलंच, तर ५(१)(इ) मध्ये सज्ञान मुलांचीही सोय आहे, पण तिथेही आईवडील दोघांचं आधी व्हावं लागतं. म्हणून भाभींचा अर्ज आजच.

अभय_जोशी_पुणे
पॅन कार्ड काढलंय का मुलीचं? एलटीव्हीवर मिळतं.

शुभांगी_ग्वाल्हेर
आणि पहलगामनंतर व्हिसा रद्द झाले, त्यात हे अडकतील ही भीती घालवा त्यांच्या मनातून. हिंदूंचे आधी दिलेले एलटीव्ही तेव्हाही कायम ठेवले होते. आमच्या गल्लीतल्या मावशी महिनाभर दार लावून बसल्या होत्या हो.

रामबागची_मुग्धा
भाभीही तशाच बसल्या होत्या. वकीलीणबाई, पंचायतीचे अध्यक्ष संध्याकाळी जेल रोडच्या दुकानात भेटतात म्हणे, भाभींना घेऊन निघतेय. शिक्क्यातला महिना वाचता येत नाही त्याचं काय करू?

वकीलीणबाई
साल दिसतंय ना? मग पासपोर्टवरचा व्हिसा बघा, त्यावर तारीख छापलेली असते. शिवाय २०१४ च्या आधीचा एखादा एलटीव्ही किंवा परदेशी नोंदणीचा कागद असेल तर तोही जोडा. आणि मुलीची जन्मानंतर परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या विदेशी शाखेत नोंद केली होती का, ते अजून सांगितलं नाहीत.