‘कारवाईचा बडगा’ : उगारला की उभारला?

राजारामपुरीकर :
भागातल्या वार्तापत्रासाठी मथळा केलाय : ‘महाद्वार रोडवर प्लास्टिक पिशव्यांविरोधात कारवाईचा बडगा उभारला’. वाचायला कुठंतरी खटकतंय. समजा, दुकानदारांना फक्त इशारा दिलाय, जप्ती अजून व्हायची आहे. तर हा शब्द चालेल का? की ‘धडक कारवाई’, ‘दणका’ यातलं काही घ्यावं?

पेठेतला मुद्रितशोधक :
खटकतंय ते ‘उभारला’. गुढी उभारतात, मंडप उभारतात. बडगा म्हणजे जाड सोटा, तो उगारतात, जसा हात उगारतात. आणि हात उगारला म्हणजे फटका बसला असं नव्हे. त्यामुळं नुसता इशारा असताना ‘बडगा उगारला’ अगदी चपखल बसतं. उलट माल जप्त झाल्यावरही पेपरात हेच छापतात, तेव्हा धमकी होती की कृती झाली हे वाचणाऱ्याला कळत नाही. जप्ती झाली की सरळ ‘एवढे किलो प्लास्टिक जप्त’ लिहा.

दुसरं, ‘विरोधात’ काढा. मोहीम विरोधात असते, सोटा अंगावर येतो. पण पिशवीवर कशाला उगारायचा? ‘प्लास्टिक पिशव्या देणाऱ्या दुकानदारांवर कारवाईचा बडगा’ करा, क्रियापद नसलं तरी चालतं. सामान्यरूप ‘बडग्या’ होतं : बडग्याने, बडग्याखाली. ‘बडगाने’ चूक.

कळंबेकर :
भावा, दणका इथं नको. बडगा फक्त सत्ता हातात असलेल्याचा : पालिका, पोलीस, आरटीओ. दणका कुणीही देतो. ‘मतदारांचा दणका’ म्हणतात, ‘मतदारांचा बडगा’ कुणी म्हणत नाही. शिवाय दणका बसल्यावरच दणका, इशाऱ्याला तो शब्द लागू नाही. ‘धडक कारवाई’त आधी न सांगता पथक येऊन थडकणं आहे, नोटीस देऊन मुदत दिली असेल तर ती धडक कसली? एकाच दुकानात वा गोदामात अचानक शिरले तर त्याला ‘छापा’ आहेच.

राजारामपुरीकर :
पटलं. त्याच अंकात दुकानदारांसाठी सूचनाही छापायची आहे. तिथं बडगा चालेल?

पेठेतला मुद्रितशोधक :
अजिबात नको. बडगा बातमीदाराचा शब्द, सूचनेत तो दमदाटी वाटतो. तिथं ‘दंडात्मक कारवाई करण्यात येईल’ लिहून लगेच रक्कम द्या. राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिने कैद ठरली. आकड्याला जी धार आहे ती विशेषणाला नाही. आणि तिथं ‘दंडात्मक कार्यवाही’ होऊ देऊ नका. कार्यवाही म्हणजे कामकाज पुढं नेणं, ‘अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला’ यातली. दंड होतो तो कारवाईत.