मदत हवी आहे: संरचित मुलाखतीतील प्रश्न मराठीत कसे विचारावेत?

नमस्कार. मी मानसोपचारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत असून प्रबंधासाठी ‘मिनी’ ही संरचित (म्हणजे ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारणारी) निदान-मुलाखत मराठीतून घेत आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निम्हान्सने (बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने) हेच साधन वापरले होते. ते सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत मात्र महाराष्ट्र नव्हता.

गेले दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास होते का, या प्रश्नाला परवा एका मावशींनी ठामपणे ‘नाही’ म्हटले आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत, ‘छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, रात्र रात्र डोळा लागत नाही,’ असे सांगितले. उदासी आणि रस न वाटणे या दोन्ही प्रश्नांना नकार आला, की नैराश्याचा विभाग तिथेच थांबतो. म्हणजे खरा त्रास नोंदीतून निसटतो, आणि हेच मला फार लागते. उलट, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात का, याला अंगात देवी येणाऱ्या बाई सहज ‘हो’ म्हणतात, आणि श्रद्धेचा अनुभव आजाराचे लक्षण म्हणून नोंदला जाऊ शकतो.

अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे: प्रश्न शब्दशः वाचल्यानंतर रुग्णाच्याच शब्दांत पुन्हा विचारणे कितपत योग्य, आणि अशा वेळी अधिक वेळ घेणारी, पण खुले प्रश्न विचारू देणारी ‘स्किड’ मुलाखत वापरावी का?