मदत हवी आहे: वेबमिनचा १०००० पोर्ट बंद करायचाय, पण ग्रंथपालांचं काम अडू नये

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाचा सर्व्हर हल्ली माझ्याकडे देखभालीला आला आहे. सभासद, वर्गणी, पुस्तकांची यादी, सगळं त्याच मशीनवर. ग्रंथपाल मॅडम संध्याकाळी धरमपेठेतल्या घरून वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) उघडतात, बॅकअप झाला का बघतात, नसेल तर चालवतात. लॉगिन थेट रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं, आणि पोर्ट अख्ख्या जगाला उघडा.

ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींत) रूटच्या नावाने फसलेल्या लॉगिनची रांग लागली आहे. ठरावीक चुकांनंतर आयपी अडवायची सोय वेबमिनमध्ये आहे, ती सुरू केली. पण समोरचा एका पत्त्यावरून दोन-तीनदाच प्रयत्न करून दुसऱ्यावर जातो, मर्यादा गाठतच नाही. खातंच लॉक करावं, तर कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून मॅडमनाच बाहेर ठेवेल. ठरलेल्याच आयपींना परवानगी द्यावी, तर घरच्या ब्रॉडबँडचा आयपी सारखा बदलतो. मी स्वतः एसएसएच टनेल (कमांड देऊन उघडायची सुरक्षित जोडणी) वापरतो, पण मॅडमना रोज कमांड टाइप करायला लावणं मला पटत नाही.

वेबमिनची आवृत्ती १.९१० आहे, आणि खरी धास्ती तिचीच. २०१९ मध्ये उघड झालेलं बॅकडोअरचं (वेबमिनच्या कोडमध्ये घुसवलेल्या चोरवाटेचं) प्रकरण १.८८२ ते १.९२१ या आवृत्त्यांचं. पासवर्ड बदलायच्या पानातून, लॉगिन न करता, रूटच्या अधिकाराने कमांड चालत होती. १.८९० मध्ये हे मुळातच उघडं होतं, बाकींत मुदत संपलेला पासवर्ड बदलू देण्याचा पर्याय सुरू असेल तर. आमच्याकडे तो सुरू आहे.

नुसतं अपडेट पुरेल का? आणि मॅडमना झेपेल असा रस्ता कोणता?

प्रतिसाद १

पोर्ट आत्ताच्या आत्ता फायरवॉलमध्ये बंद करा, बाकी चर्चा नंतर. मग मिनिसर्व्हच्या (वेबमिनच्याच वेब सर्व्हरच्या) लॉगमध्ये पासवर्ड_चेंज.सीजीआय, म्हणजे ते पासवर्ड बदलायचं पान, कुणी मागितलंय का बघा. रूटच्या एसएसएच की (पासवर्डशिवाय लॉगिन करू देणाऱ्या किल्ल्या) आणि क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तपासा. काही सापडलं नाही तरी मी त्या मशीनवर भरवसा ठेवणार नाही. रूट मिळालेला माणूस लॉगही पुसून जातो. डेटा काढा, नवीन सिस्टिम टाका, सगळे पासवर्ड बदला.

मॅडमसाठी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतची खासगी जोडणी). एकदा लावून दिलं की बटण दाबायचं आणि नेहमीचंच पान उघडायचं. जोडणी त्यांच्याकडून सर्व्हरकडे जाते, त्यामुळे घरचा आयपी बदलला तरी बिघडत नाही. वेबमिनला वायरगार्डच्याच पत्त्यावर बांधू नका. रीस्टार्टनंतर वायरगार्ड उशिरा उठलं तर वेबमिन अडकेल. फायरवॉलमध्येच १०००० पोर्ट फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवर (जोडणीवर) उघडा.

रूट त्यांना देऊच नका. बॅकअपपुरता वेगळा वेबमिन युजर करा, त्यावर मोबाईल ॲपचा सहा आकडी कोडही लावा.

धागाकर्ता

पोर्ट बंद केला, आभारी आहे. लॉगमध्ये त्या पानाच्या विनंत्या दिसताहेत, म्हणजे मशीन नव्यानेच उभी करणार. डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची काढलेली प्रत) नव्या मशीनवर नेण्याआधी त्यात काय काय तपासू?