शब्दचर्चा : ‘अर्धनिर्मित माल’ की ‘प्रक्रियेतील माल’?

प्रश्न (सांगली) : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीनशॉपसाठी साठ्याची मराठी नोंदपत्रके करीत आहे. कच्चा आणि तयार माल यांची अडचण नाही. मधल्या मालाला, ज्याला शॉपमध्ये सगळे ‘डब्ल्यूआयपी’ (वर्क इन प्रोसेस) म्हणतात, काय लिहावे?

उत्तर (मिरज) : ‘प्रक्रियेतील माल’ लिहावे. ‘अर्धनिर्मित’ हा शब्द वस्तूची अवस्था सांगतो, हिशेबातील तिची जागा सांगत नाही. पंपाचे ओतीव केसिंग (बाहेरचे कवच) फाउंड्रीच्या वहीत तयार माल असते, आपल्याकडे उतरले की कच्चा माल होते आणि लेथवर चढले की प्रक्रियेतील माल. अर्धवट घडलेले मात्र ते तिन्ही ठिकाणी असते.

उत्तर (सातारा) : शब्द मान्य आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक नगावर काम चालू असल्याचा भास होतो. बॅचने चालणाऱ्या शॉपमध्ये नगाचा बहुतेक वेळ दोन मशीनच्या मधे, ट्रॉलीत पडून राहण्यातच जातो. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार सरासरी साठा म्हणजे उत्पादनाचा वेग गुणिले नगाला आत लागणारा वेळ. रोज ४०० केसिंग बाहेर पडत असतील आणि आत २,४०० असतील, तर प्रत्येकाला सरासरी ६ दिवस लागतात. वेग तोच ठेवून साठा दुप्पट केला, तर १२. शिवाय बोअर (आतले गोल छिद्र) चुकल्याचे पुढच्या मशीनवर कळेपर्यंत मागे तशाच नगांचा ढीग तयार झालेला असतो. तरीही साठा शून्य करता येत नाही, कारण मागचे मशीन बिघडले किंवा त्याचे सेटिंग बदलत असले, तरी सर्वांत संथ मशीन रिकामे राहू नये म्हणून त्याच्यापुढे थोडा माल हवाच. म्हणून ‘मशीनवरील’ आणि ‘थांबलेला’ असे दोन रकाने करावेत.

उत्तर (कराड) : आमच्या साखर कारखान्यात हे दोन रकाने चालणार नाहीत. ३१ मार्चला गाळप सुरू असेल, तर पाक आणि मॅसिक्वीट (पाक आटवून झालेले साखरेचे दाणे व मळी यांचे घट्ट मिश्रण) यांतील साखर प्रयोगशाळेच्या पृथक्करणावरून अंदाजून हिशेबात धरावी लागते. आणि क्रिस्टलायझरमध्ये, म्हणजे ते हळूहळू थंड करण्याच्या टाकीत, निवत असलेले मॅसिक्वीट थांबलेले दिसले, तरी त्यातला दाणा वाढतच असतो. तेथे थांबणे हीच प्रक्रिया आहे.

प्रश्नकर्ता : मशीनशॉपसाठी दोन रकाने ठेवतो. प्लेटिंगसाठी (धातूचा मुलामा देण्यासाठी) बाहेर पाठवलेले नग मात्र दोन्हींत बसत नाहीत. मालकी आपलीच असल्याने त्यांना ‘जॉबवर्ककडील माल’ असा तिसरा रकाना देत आहे.